उजव्या मनगटातल्या दोन तारा

पनवेल शहर, खाडीकाठची गावे आणि टॉवरांत राहणारी समस्त सन्माननीय मंडळी यांना अत्यंत गांभीर्याने जाहीर करण्यात येते की, वाकड्या टोकाची साधी तार आणि अंगाने बुळबुळीत असलेली तार यांच्यात माझ्या उजव्या हातात झालेल्या सामन्यात बुळबुळीत तार निर्विवाद विजयी झाली आहे. पराभूत तारेने खिलाडूपणे माघार घेतली. मैदानाची अवस्था मात्र फारच वाईट निघाली असून ते दुरुस्त होण्यापलीकडे गेले आहे. उपस्थितांनी कृपया शांतता राखावी.

असल्या घोषणांची मला खोड आहे. धंद्याने मी इलेक्ट्रिक कॉन्ट्रॅक्टर. गाव गव्हाण, बिऱ्हाड पनवेलला, आणि माझ्या वायरी धावतात खारघरच्या भिंतींमधून. पण गावोगावी मला ओळखतात ते माइकवरचा माणूस म्हणून. आमच्याकडे लग्न एक वेळ थोडक्यात आटपेल, हळद आटपत नाही. मंडपभर माणसं, बाहेर तेवढीच, आणि आलेल्या प्रत्येक पाहुण्याचं नाव माइकवरून घेतलं गेलं पाहिजे, नाहीतर पुढची दोन लग्नं तो येत नाही. हे काम माझं. मी नाव असं घेतो की ज्याचं नाव घेतलं त्याला स्वतःविषयी आदर वाटायला लागतो.

तर पुतण्याच्या हळदीला मी उभा होतो. कोणीतरी मोठे पाहुणे येत होते. मी सुरुवात केली, "आता मंडपात आगमन होत आहे, ज्यांच्या येण्याने..." आणि पुढचा शब्दच येईना. छातीवर सिमेंटची गोण ठेवल्यासारखं झालं. डावा हात जड पडला. मी दोन्ही हातांनी माइकचा दांडा धरून उभा, तोंड उघडं, डोळे समोर लागलेले. मंडप चिडीचूप. पाहुणे पायरीवर एक पाय ठेवून थांबले. आणि मग लोकांना वाटलं, काय पॉज घेतलाय गड्याने! टाळ्या सुरू झाल्या. मागून शिट्ट्या आल्या. माझ्या आयुष्यात मला मिळालेली सर्वात मोठी दाद ती, आणि ती घेताना मी मरत होतो.

बायको तेवढी बायकांच्या घोळक्यातून उठून आली. तिने माझ्या हातातला माइक काढून घेतला, मला खुर्चीत ढकललं आणि माइकवरच ओरडली, "गाडी काहाडा!"

पुढे तिला मी विचारलं, तुला कसं कळलं?

"तुमी बोलायचे थांबलात ना, तवाच. लगीन जाल्यापासून कवा थांबलायत का?"

पनवेलच्या हॉस्पिटलात सोनोग्राफीसारखं काहीतरी छातीवर फिरवून झालं. हृदयाचा पंप कमजोर निघाला. तिथल्या डॉक्टर मॅडम बुटक्या, चष्मेवाल्या, बोलायला फटकळ आणि हाताने मऊ. त्यांनी सरळ सांगितलं, "काका, आता आतल्या रक्तवाहिन्या बघायला लागतील. एखाद्या जागी अडथळा असला तर स्टेंट घालून उघडू. जास्त ठिकाणी असले तर बायपास. पण बघितल्याशिवाय मी काही बोलणार नाही."

म्हणजे सगळा जीव येऊन एका प्रश्नात अडकला. आत उघडण्यासारखी जागा आहे की नाही? असली तर मी, नसली तर नाही.

मला स्वतःला फारशी आशा नव्हती. साखर माझ्या रक्तात इतक्या वर्षांपासून मुक्कामाला आहे की तिला आता रेशनकार्डावर घ्यायला हरकत नाही. पायाला साधा खिळा लागला तर जखम महिनोन्‌महिने गप्पा मारत बसते. जुन्या इमारतीत शिरल्याशिरल्या, भिंतीवर हात न ठेवताही, मला कळतं की आतलं वायरिंग कुठल्या लायकीचं असणार. हे तर माझं स्वतःचं घर. पण बायकोसमोर मी काय बोलणार? तिने घरून निघतानाच शेजारणीला सांगून ठेवलं होतं, "दोन दिवसांत उगडून आनतो यांना."

आता तारांकडे वळू. मॅडमच्या हाताखाली एक उंच, तरणा, अर्धं मराठी अर्धं हिंदी बोलणारा डॉक्टर होता. तो आदल्या संध्याकाळी आला आणि माझं मनगट दाबून, सोडून, पुन्हा दाबून बघू लागला. मनगटातल्या दोन्ही नाड्या दाबल्या की तळहात पांढरा पडतो. मग एक सोडून तो परत लाल होतो का ते बघतात. एकीला काही झालं तर दुसरी सांभाळून घेईल ना, याची खात्री. मला ही व्यवस्था फार आवडली. आमच्या धंद्यात हिला आम्ही बॅकअप म्हणतो आणि वेगळा दर लावतो.

"अंकल, मांडीतून नाही जाणार. इथून," त्याने माझ्या मनगटावर बोट ठेवलं. "इथून एक बारीक तार वर जाते, कोपर, खांदा, आणि मग खाली हृदयाजवळ. तारेवरून नळी सरकवायची, नळीतून औषध सोडायचं, फोटो काढायचा."

"तार कुठली वापरता?" मी विचारलं.

त्याने माझ्याकडे जरा नव्याने पाहिलं. असं कोणी विचारत नसावं. मग तो खूष होऊन स्टुलावर बसलाच. त्यांच्याकडे त्या दिवसांत दोन तारांची तुलना चालली होती. एका पेशंटला ही, पुढच्याला ती, अशी पाळी लावलेली. कुठली लवकर पोचते, कुठली मध्ये अडते, कुठल्या तारेने हात जास्त आखडतो, ते सगळं बघायचं. कोणाला कुठली मिळणार ते पाळीवर, ओळखीवर नाही.

मी म्हटलं, "दाखवा."

"अंकल, वो तो..."

"अहो डॉक्टर, तारेत जन्म गेलाय माझा. उद्या जी माझ्या अंगात शिरणार तिचं तोंड तरी बघू दे."

तो गेला आणि शिकवायला ठेवलेल्या दोन जुन्या तारा घेऊन आला. पहिली पोलादी, बारीक स्प्रिंग गुंडाळल्यासारखी, पुढचं टोक छत्रीच्या मुठीसारखं वळवलेलं. टोक सरळ असलं तर ते नाडीच्या भिंतीत घुसेल, म्हणून ते वाकडं. दुसरी काळसर, गुळगुळीत, टोकाशी अगदी इवलीशी वाकलेली. कोरडी असताना ती साधीच वाटत होती. त्याने तिच्यावर पाणी टाकलं मात्र, आणि ती बोटांत ठरेना.

मी दोन्ही हातांत घेऊन लगेच प्रवचन सुरू केलं. पाइपातून वायर ओढायला आम्ही जी स्प्रिंग घालतो तिला किती ताठपणा हवा, किती लवचीकपणा हवा, कोपऱ्यावर ती का रुसते, साबणाचं पाणी कधी लावावं. तरणा डॉक्टर मान डोलवत म्हणाला, "अंकल, आप तो आधे डॉक्टर हो!"

बायको उशाशी संत्रं सोलत बसली होती. ती वर न बघता म्हणाली, "उरलेले आर्धे पेशंट हायेत. त्यांना जरा जपा."

शेजारच्या खाटेवर उरणकडचे एक नाखवा होते. होडीचे मालक, वय माझ्याहून बरंच जास्त, अंगाने सुकटासारखे, आवाज असा की बंदराच्या या टोकाचा माणूस त्या टोकाला हाका मारतोय. त्यांची तार माझ्या आधी होती. सकाळी त्यांना नेलं आणि माझं पोट साफ व्हायच्या आत परत आणलं. मनगटावर हवा भरलेला पारदर्शक पट्टा, रक्त येऊ नये म्हणून, आणि तोंडावर असा आनंद, जसं काही सगळं जाळं भरून पापलेट आलेत.

"काय नाखवा, झालं?"

"जालं? आवो, कललाच नाय! ती भारी तार व्हती ना, ती घातली मला. चिखलात निवटी हातातनं सुटते बगा, तशी सुटली. एक नली बंद व्हती, त्यात इस्टेन बसवला. मॅडम बोलली, आता आरामात." मग माझ्याकडे डोळे बारीक करून, "आता तुमची पाली. म्हंजे तुमाला साधी. वा रे देवा, आमच्यासारक्या कोल्याला मकमली तार नि वायरिंगच्या शेटला साधी!"

आख्खा वॉर्ड हसला. मीही हसलो. निवटी म्हणजे खाडीच्या चिखलात उड्या मारणारा बुळबुळीत मासा; तो ज्याने धरलाय त्यालाच ही उपमा कळेल. लहानपणी गव्हाणच्या चिखलात मी निवट्यांच्या मागे धावलोय, आणि मुठीत आलीय असं वाटताना ती पलीकडच्या बिळात गेलेली असायची.

मला न्यायला खुर्ची आली तेव्हा बायको दारापर्यंत आली. माझ्या गळ्यातला ताईत तिने आधीच काढून कनवटीला लावला होता.

"आत गप ऱ्हावा. त्यांना त्यांचं काम करू द्या. शिकवायला जाऊ नका."

"मी कशाला शिकवू?"

"तुमी भटजीला लग्न शिकवलंय. आपलंच."

आत थंडी एवढी की मासे ठेवावेत. टेबल अरुंद, वर यंत्राचं मोठं डोकं, डावीकडे पडदे. सगळे शिशाचे जाड अंगरखे घालून. मी नाटकात काम केलंय, पण इतका प्रकाश माझ्यावर कोणी पाडला नव्हता. उजवा हात एका फळीवर बांधला. मनगटात बारीक सुई, मग छोटी नळी. भूल फक्त तेवढ्या जागेची, बाकी माणूस टक्क जागा. ही फार चुकीची पद्धत आहे असं माझं मत आहे. जागा माणूस ऐकतो.

साधी तार आत गेली. पडद्यावर ती मला दिसत होती. माझ्या हाताच्या हाडांच्या सावलीतून एक काळी रेघ वर सरकत होती, पुढे छत्रीची मूठ. माझ्या अंगावर शहारा आला. इतकी वर्षं मी लोकांच्या भिंतीत तार घालतोय, भिंतीला काय वाटतं ते आज कळत होतं.

कोपराजवळ ती थांबली.

तरण्या डॉक्टरने मागे घेतली, फिरवली, पुन्हा पुढे. पुन्हा थांबली. "मॅडम, जा नहीं रहा."

मॅडमनी थोडं औषध सोडून बघितलं आणि दोघांच्या तोंडून एकदम उद्गार आला. माझी नाडी कोपराशी सरळ जात नव्हती. तिने तिथे एक आख्खा गोल वळसा घेतला होता, जिलबीसारखा.

"फुल लूप!" तरणा डॉक्टर म्हणाला. त्याचा आवाज असा की त्याला सोन्याची खाण सापडली. "मॅडम, इससे अच्छा केस नहीं मिलेगा।"

मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू. आणि मग वचन मोडलं. "मॅडम, पाइपात डबल बेंड असला ना, की थोडं मागे घेऊन फिरवत..."

"काका, मागे घेऊन, फिरवून, सगळं करून झालंय. तुम्ही फक्त हलू नका."

मी गप्प बसलो. पण हाताने गप्प बसायला नकार दिला. नाडीला तारेचा राग आला असावा. तिने ती आवळून धरली, आणि मनगटापासून खांद्यापर्यंत अशी कळ गेली की मी पहिल्यांदा 'आई गं' म्हणालो, तेही विनामाइक.

"स्पाझम. कॉकटेल द्या," मॅडम म्हणाल्या.

"कुठलं?" मी कसंबसं विचारलं.

सगळी खोली हसली. सिस्टर हसली, तरणा डॉक्टर हसला, मॅडमचा चष्मा हलला. नाडी सैल करायच्या औषधाला ते लोक कॉकटेल म्हणतात. ते हातात गेलं तेव्हा आतून निखारा फिरल्यासारखा चटका बसला आणि मग हळूहळू मूठ सुटली.

साधी तार बाहेर आली. मॅडमनी काळी तार मागितली, ओली केली, आणि बोटांच्या चिमटीत अशी फिरवत आत सोडली की मी श्वास घ्यायचा विसरलो. ती वळशाशी आली. टोक जरा डावीकडे, जरा उजवीकडे. मग ती वळशात शिरली, पूर्ण फिरली, आणि पुढे निघून गेली. त्यांनी तार हळूच ताणली तर तो आख्खा वळसा सरळ झाला. दंडातून खांद्यात, खांद्यातून छातीत.

"मोठा श्वास घ्या काका. धरून ठेवा. धरून ठेवा..."

मी धरला. ती तार मोठ्या रक्तवाहिनीत खाली उतरली, थेट हृदयाच्या तोंडाशी.

"गेली! काय सुंदर गेली!"

"मॅडम, एकदम मक्खन!"

मी टाळी वाजवायला डावा हात उचलला तर सिस्टरने तो दाबून धरला. पण आनंद मला झाला होता, तो खराच होता. चांगलं काम बघितलं की मला आनंद होतो, ते कोणाच्या अंगात चाललंय याच्याशी त्याचा संबंध नसतो. इतका वेळ त्या खोलीत जे काही चाललं होतं ते माझ्याविषयी नव्हतंच मुळी, ते तारेविषयी होतं, आणि त्यामुळे मी मजेत होतो.

मग तारेवरून नळी गेली, नळीतून औषध सुटलं, आणि पडद्यावर माझ्या हृदयाच्या रक्तवाहिन्या उमटल्या.

बाहेरच्या भिंतीवर निरोगी हृदयाचं चित्र टांगलेलं आहे. वडाच्या फांद्यांसारख्या जाड, भरलेल्या वाहिन्या. माझ्या पडद्यावर आलं ते वणव्यानंतरचं झाड. सुरुवातीपासून शेवटापर्यंत बारीक, मणी ओवल्यासारख्या गाठी, आणि टोकाला तर नुसता धूर. मी डॉक्टर नाही. पण जळालेलं वायरिंग बघायला डॉक्टर असावं लागत नाही.

तरणा डॉक्टर, जो आल्यापासून एक मिनिट गप्प नव्हता, तो गप्प झाला. मॅडम म्हणाल्या, "दुसऱ्या बाजूने बघू." यंत्राचं डोकं डावीकडे फिरलं. "थोडं खालून." ते खाली आलं. प्रत्येक बाजूने तेच. मी पडद्याऐवजी मॅडमच्या डोळ्यांकडे बघत होतो. तेवढेच दिसत होते, बाकी तोंडाला मास्क.

शेवटी त्या माझ्याजवळ वाकल्या आणि म्हणाल्या, "काका, बघितलंत ना तार किती छान गेली? एवढ्या अवघड हातातून! मांडीला हात लावायची वेळच आली नाही."

तिथे मला कळलं.

हा सूर माझाच आहे. जुन्या पनवेलात एका निवृत्त मास्तरीण बाईंच्या घरी स्लॅबमधला पाइप चेपला होता. दिवसभर खटपट केली आणि संध्याकाळी मी वायरीचं बंडल हातात घेऊन त्यांना दाखवत होतो, बाई, वायर बघा, एक नंबर आहे, तांबं बघा, असं मिळत नाही आता. बाईंनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "वायर चांगलीच आहे हो. दिवा कधी लागणार?" कारागीर ज्या क्षणी साहित्याचं कौतुक करायला लागतो, त्या क्षणी गिऱ्हाइकाने ओळखावं. आमच्या धंद्यात हे सगळे जाणतात, फक्त बोलत कोणी नाही.

मास्तरीण बाईंसारखा प्रश्न माझ्या ओठावर आला होता. मी तो विचारला नाही. "हो, फारच छान गेली," म्हणालो.

मनगटावर पट्टा बांधून मला परत वॉर्डात आणलं. नाखवा उठून बसले.

"पोचली का शेट तुमची साधी?"

"साधी अडली. मग तुमची निवटी घातली. ती पोचली."

"बगा! बोललो ना! मंग काय बसवलं? एक का दोन?"

"काहीच नाही बसवलं."

नाखव्यांचा चेहरा फुलला. "कायच नाय? म्हंजे साफ निगाल्या नल्या! आवो नशीब लागतं! आमाला इस्टेन घालून घ्यावा लागला, नि तुमाला कायच लागला नाय!"

मी तोंड उघडलं. आणि माझ्यासारखा बोलभांड माणूस, सांगतो तुम्हाला, त्या तोंडातून हवेखेरीज काही काढू शकला नाही. तेवढ्यात बायको आत आली. नाखव्यांनी दारातच तिला गाठलं आणि बंदरावरच्या आवाजात बातमी दिली. वॉर्डभर सगळ्यांना मिळाली. ती जिथे होती तिथेच उभी राहिली. दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. मग माझ्याजवळ आली आणि भांडायला लागली.

भांडायला लागली म्हणजे काय, असं भांडण मी कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं. आनंदाने भांडत होती. "कायच नाय निगालं! सगल्या गावाला घाबरवलंत! पोराच्या हलदीत नाटक केलंत! तो पावना बिचारा अजून एका पायावर उबा आसंल!" मग फोन. गव्हाणला नणंदेला, इकडे शेजारणीला, तिकडे आपल्या भावाला. "कायच बसवाया नाय लागलं, देवाची किरपा... आवो नाय, साफ... गॅस असंल, खातात किती... हो, तुमी पन या, मटन करते." मध्येच फोन कानाला तसाच ठेवून मला, "संत्रं खा, सुकत चाललंय," आणि परत फोनवर.

मी संत्रं खाल्लं. एकेक फोड. समोर नाखवा खुशीत पाय हलवत बसले होते. मी मनात वाक्य जुळवून बघत होतो. हजारो माणसांसमोर वाक्य जुळवलेला माणूस मी. "अगं, ऐक जरा" इथपर्यंत जुळत होतं. पुढे काही केल्या जाईना. ती भांडत होती आणि तिचं भांडण ऐकत राहावं असं मला वाटत होतं, बस. जितका वेळ मिळेल तितका.

तो फार मिळाला नाही. सिस्टर आली. "मॅडमनी केबिनमध्ये बोलावलंय. दोघांना."

बायकोने फोन पदरात खोचला आणि माझी चाकांची खुर्ची स्वतः ढकलत निघाली. वाटेत म्हणाली, "घरी कवा सोडतात ते इचारायचं. तुमी नका बोलू, मी बोलते."

केबिनमध्ये मॅडमनी कॉम्प्युटर आमच्याकडे वळवला. आता मास्क नव्हता. बायकोने तोंड उघडायच्या आधीच त्या बोलायला लागल्या, आणि मला त्यांचं कौतुक वाटलं, कारण या वेळी त्यांनी साहित्याची स्तुती केली नाही. हृदयाच्या तिन्ही वाहिन्या सुरुवातीपासून टोकापर्यंत बारीक झाल्यात. एका जागी अडथळा असता तर स्टेंट घातला असता. बायपासची नळी जोडायलासुद्धा पुढे चांगली जागा लागते, ती कुठेच नाही. फोटो मुंबईच्या सर्जनना पाठवून झाले, त्यांचंही तेच मत. गोळ्या द्यायच्या. जपायचं.

"आवो पन कायच बसवाया नाय लागलं ना?" बायको म्हणाली. तिच्या तोंडावर अजून फोनवरचं हसू होतं, ते जायला वेळ घेत होतं.

"बसवायला जागाच नाही ताई."

"मंग मंबईला नेतो."

"जरूर न्या. दुसरं मत घ्याच. मी कागद देते. पण खोटी आशा मी देणार नाही."

बायकोने माझ्याकडे बघितलं. मला हे आधीच माहीत होतं, ते तिला त्या बघण्यात कळलं. मग ती खुर्ची सोडून उठली आणि कॉम्प्युटरच्या अगदी जवळ गेली. पडद्यावर सुरुवातीचा भाग पुन्हा पुन्हा चालू होता. हात, कोपर, वळसा, आणि वर सरकत जाणारी काळी रेघ.

"ही काय?"

"ही तार. मनगटातून घातली होती ती."

"कुठवर गेली?"

"पार हृदयाच्या तोंडापर्यंत."

"कालजापरत?"

"हो ताई."

"नि आता कुठं हाय?"

"आता? काढली की. तपासणी झाली की काढून घेतो आम्ही."

बायको सरळ उभी राहिली. बाहेर बाकावर माणसं बसली होती, दार उघडं होतं, आणि ती असं ओरडली की कॉरिडॉरमधली सगळी डोकी आमच्याकडे वळली.

"काहाडली कशाला? आतच ऱ्हाऊ द्यायची व्हती! तेवडी तरी वाट उगडी ऱ्हायली असती!"